मिरजेतल्या एक्स-रे मशीनला परवाना कोण देतं?

मिरजेच्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढायला गेलात, तर खोलीच्या दारावर पिवळ्या पाटीवर तीन पात्यांचं काळं चिन्ह दिसतं. गरोदर बाईनं आधी डॉक्टरांना सांगावं, अशी सूचना असते. दारावर लाल दिवा असतो. तो लागला असताना आत जायचं नसतं. सांगली-साताऱ्यातले आणि सीमेपलीकडचे कर्नाटकातलेही हजारो पेशंट या दारांपुढे बाकड्यावर बसून असतात. आतल्या मशीनला परवाना कुणी दिला, हे विचारावंसं त्यातल्या फार थोड्यांना वाटत असेल.

तो महापालिका देत नाही आणि जिल्हा शल्यचिकित्सकही देत नाहीत. तो देतं मुंबईच्या अणुशक्तीनगरातलं अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी. तारापूरच्या अणुभट्टीवर देखरेख ठेवणारं मंडळ हेच, आणि मिरजेच्या एक्स-रे मशीनवरही अधिकार त्याचाच.

अणू म्हटलं की आपल्याकडे बॉम्ब आठवतो, नाहीतर जैतापूर. त्यामुळे अणुसुरक्षा हा दिल्ली-मुंबईच्या शास्त्रज्ञांचा विषय आहे, आपला नाही, असं धरून आपण चालतो. सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांत एकही अणुभट्टी नाही, हे खरं. पण ज्या किरणोत्सर्गावर हे मंडळ नजर ठेवतं, तो आपल्या अंगावरून कितीतरी वेळा गेलेला आहे. हे मंडळ नीट चाललंय की नाही, याच्याशी आपला थेट संबंध आहे.

आधी किरणांचं बघू. एक्स-रे मशीनमध्ये कुठलाही किरणोत्सर्गी पदार्थ नसतो. विजेवर चालणाऱ्या नळीत किरण तयार होतात आणि बटण सोडलं की थांबतात. रात्री बंद पडलेल्या एक्स-रे खोलीत झोपलं तरी काही होणार नाही. सीटी स्कॅनचंही तसंच. मात्र सीटीमध्ये शरीरात जाणारी मात्रा बरीच जास्त असते. ही मात्रा मिलिसीव्हर्टमध्ये मोजतात. छातीच्या साध्या एक्स-रेत ती ०.१ मिलिसीव्हर्ट किंवा त्याहूनही कमी असते, तर पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये ८ ते १० च्या आसपास जाते. तुलनेसाठी सांगायचं तर जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून येणारे किरण मिळून जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट नैसर्गिकरीत्याच मिळतात. म्हणजे एक्स-रेला घाबरायचं कारण नाही, पण ‘एकदा सगळंच स्कॅन करून टाका’ असा आग्रह डॉक्टरांपुढे धरण्यातही शहाणपण नाही. सोनोग्राफी आणि एमआरआय यांत हे किरण नसतातच. सोनोग्राफी केंद्राची नोंदणी गर्भलिंग निदान रोखण्याच्या वेगळ्या कायद्याखाली होते. एईआरबीशी तिचा संबंध नाही.

एईआरबीनं सर्वसामान्य माणसासाठी वर्षाला १ मिलिसीव्हर्ट ही मर्यादा ठरवली आहे. निसर्गातून मिळणारी मात्रा आणि तपासणी-उपचारासाठी घेतलेली मात्रा यात धरत नाहीत. पेशंटला किती किरण द्यायचे, हा निर्णय डॉक्टरांचा. तपासणीचा फायदा धोक्यापेक्षा मोठा असला पाहिजे, एवढं तत्त्व. मर्यादा आहे ती बाहेर बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकासाठी आणि भिंतीपलीकडच्या खोलीत राहणाऱ्यासाठी. म्हणून भिंतीची जाडी आणि दारातला शिशाचा पत्रा, मशीनची जागा आणि ऑपरेटरने कुठे उभं राहायचं, हे सगळं परवान्यात येतं. रोज या खोलीत काम करणाऱ्या तंत्रज्ञाची मर्यादा वेगळी: सलग पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसीव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. त्याच्या छातीवर एक छोटा बॅज लावलेला दिसेल. त्याला टीएलडी बॅज म्हणतात. दर तीन महिन्यांनी तो प्रयोगशाळेत जातो आणि त्या माणसाच्या अंगावर किती किरण पडले, याची नोंद होते. बॅज टेबलाच्या खणात पडून असेल, तर ती नोंद त्या खणाची होते. दवाखान्यात काम करणाऱ्या पोरापोरींना माझं कळकळीचं सांगणं आहे की तो बॅज अंगावर घाला, तुमच्याच पुढच्या तीस वर्षांसाठी.

पेशंट म्हणूनही विचारता येतं. मशीनला एईआरबीचा परवाना आहे का, एवढा साधा प्रश्न. परवान्याचं सगळं काम आता ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीतून होतं, त्यामुळे ज्याच्याकडे परवाना आहे त्याला तो दाखवायला अडचण पडू नये. लेकराचा एक्स-रे काढताना आईबापाला धरून उभं राहावं लागलं, तर शिशाचा एप्रन मागून घ्यावा.

आता दुसरा प्रकार. कॅन्सरच्या उपचारात वापरलं जाणारं कोबाल्ट-६० किंवा बॉयलरच्या वेल्डिंगचे जोड तपासायला वापरतात ते इरिडियम-१९२, हे बटणानं बंद होत नाहीत. हे पदार्थ स्वतःच रात्रंदिवस किरण सोडतात. साखर कारखान्याच्या बॉयलरच्या वेल्डिंगचा आतून फोटो काढायला येणाऱ्या लोकांकडे जो जड डबा असतो, त्यात असाच स्रोत असतो. डबा जड, कारण किरण अडवायला जड धातूचंच कवच लागतं. इरिडियमची ताकद ७४ दिवसांत निम्मी होते, कोबाल्टची सव्वापाच वर्षांत. असा प्रत्येक स्रोत कुणाकडे आहे, कुठे ठेवलाय, कोणत्या गाडीतून जातोय आणि काम संपल्यावर परत कुठे गेला, याचा हिशोब ठेवणं हेही एईआरबीचं काम. माझ्या मते त्याचं सगळ्यात अवघड काम हेच आहे. अणुभट्टी एका जागी असते आणि तिच्याभोवती कुंपण असतं. स्रोत मात्र देशभर फिरतात.

हा हिशोब चुकला की काय होतं, ते दिल्लीत मायापुरीच्या भंगारबाजारात एप्रिल २०१० मध्ये दिसलं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं गॅमा सेल नावाचं एक जुनं उपकरण १९८५ पासून वापराविना पडून होतं. फेब्रुवारी २०१० मध्ये ते लिलावात भंगार म्हणून गेलं. त्यात कोबाल्ट-६० होतं, हे विकणाऱ्यांनी ध्यानात घेतलं नाही आणि घेणाऱ्यांना कळायचा प्रश्नच नव्हता. कामगारांनी ते फोडलं. लोकांची कातडी काळी पडली, केस गेले, अनेकांना रुग्णालयात दाखल करावं लागलं आणि एकाचा जीव गेला. हिशोब करून बघा: पंचवीस वर्षांत त्या कोबाल्टची ताकद मुळाच्या साधारण सत्ताविसाव्या हिश्श्यावर आली होती. तेवढ्यानं हे झालं.

आपल्याकडे एमआयडीसीच्या आसपास भंगाराची दुकानं आहेत, जुने कारखाने मोडीत निघतात, बंद दवाखान्यांचं सामान विकलं जातं. भंगारात तीन पात्यांचं चिन्ह असलेला, आकाराच्या मानानं फारच जड वाटणारा डबा दिसला तर तो उघडायचा नाही, कापायचा नाही, उचलून घरी न्यायचा नाही. लांब व्हायचं, इतरांना लांब करायचं आणि ११२ ला फोन करायचा. अंतर दुप्पट केलं की किरणांचा मारा चौथा हिस्सा होतो, म्हणून आधी लांब होणं महत्त्वाचं. पोलिसांकडून निरोप जिल्हा प्रशासनाकडे आणि तिथून अणुऊर्जा विभागाच्या आणीबाणी पथकांकडे जातो. त्या पथकांकडे किरण मोजायची यंत्रं असतात.

इथवर आलो तर एक घोळ निस्तरायला हवा. अणुवीजही ‘ऊर्जा खात्या’कडेच असेल असं वाटतं, पण ‘ऊर्जा खातं’ म्हणजे नेमकं कोण? कोयनेचं १९६० मेगावॉटचं जलविद्युत केंद्र राज्याचं. चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. त्यांचं धोरण केंद्रात नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय ठरवतं. कोळशाची वीज, वीजवाहिन्यांचं देशव्यापी जाळं, वीज कायदा २००३ हे वीज मंत्रालयाकडे. दराचा निर्णय राज्य वीज नियामक आयोगाकडे. अणुवीज यातल्या कुणाकडेच नाही. ती अणुऊर्जा विभागाकडे आहे. हा विभाग ३ ऑगस्ट १९५४ रोजी स्थापन झाला आणि तेव्हापासून थेट पंतप्रधानांच्या हाताखाली आहे. केंद्र सरकारचा विभाग असूनही त्याचं मुख्यालय मुंबईत आहे. होमी भाभांनी उभं केलेलं हे काम मुंबईतच वाढलं. तारापूर चालवणारी न्यूक्लियर पॉवर कॉर्पोरेशन ही सरकारी कंपनी याच विभागाची, आणि तुर्भ्याचं भाभा अणुसंशोधन केंद्रही याच विभागाचं.

देशाच्या एकूण विजेत अणुविजेचा वाटा सुमारे तीन टक्के. तो वाढवून २०४७ पर्यंत १०० गिगावॉट क्षमता उभारायचं उद्दिष्ट केंद्रानं २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात जाहीर केलं. जैतापूरला प्रत्येकी १६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्यांचा प्रस्ताव आहे. सह्याद्री ओलांडला की रत्नागिरी जिल्हा, म्हणजे साताऱ्या-सांगलीला हा विषय फार लांबचा नाही.

अणुभट्टीला एकदाच परवाना मिळतो आणि काम संपतं, असं नसतं. जागेला वेगळी मंजुरी, बांधकामाला वेगळी, चाचण्यांच्या प्रत्येक टप्प्याला वेगळी, चालवायला वेगळी, आणि आयुष्य संपल्यावर भट्टी मोडीत काढायलाही वेगळी. चालवायचा परवाना जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो, आणि दर दहा वर्षांनी सगळी सुरक्षा पुन्हा मुळापासून तपासली जाते. मार्च २०१६ मध्ये गुजरातच्या काक्रापारच्या पहिल्या भट्टीत शीतलकाची, म्हणजे भट्टी थंड ठेवणाऱ्या द्रवाची, गळती झाली आणि ती बंद करावी लागली. पुन्हा सुरू व्हायला २०१९ उजाडलं.

ही दहा वर्षांची फेरतपासणी का लागते, ते कोयनेकाठच्या माणसाला लवकर पटेल. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर हादरलं. ६.३ तीव्रतेचा भूकंप, सुमारे १८० माणसं गेली. त्याआधी दख्खनचं पठार भूकंपाच्या बाबतीत निर्धास्त आहे, अशीच समजूत होती. धरणात साठवलेल्या पाण्यामुळे भूकंपाला चालना मिळू शकते, याचं जगात ठळकपणे सांगितलं जाणारं उदाहरण म्हणजे आज कोयना. त्याच वेळी तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांचं बांधकाम चालू होतं. त्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. त्यांचा आराखडा कोयनेच्या आधीच्या समजुतीच्या काळातला. पुढे त्यांच्या फेरतपासणीत भूकंपाचा हिशोब नव्यानं मांडावा लागला आणि सुधारणा कराव्या लागल्या. कोयना परिसर भूकंप क्षेत्र ४ मध्ये गेला (आकडा जितका मोठा, तितका धोका जास्त). भूकंप क्षेत्र ५ मध्ये अणुभट्टी उभारायचीच नाही, असा एईआरबीचा नियम आहे. आणि कोयनेच्या जमिनीखाली काय चाललंय, ते समजून घ्यायला पृथ्वी विज्ञान मंत्रालयानं कराडला प्रयोगशाळा उभारली आहे. गोठणे इथे जमिनीत तीन किलोमीटर खोल भोक पाडून अभ्यास झाला. माहिती बदलते, त्यामुळे जुना परवाना पुन्हा तपासावाच लागतो. आणि तपासणाऱ्याला ‘थांबा’ म्हणायची मोकळीक लागते.

मला खरं सांगायचंय ते या मोकळिकीबद्दल. एईआरबीची स्थापना १५ नोव्हेंबर १९८३ ला झाली, १९६२ च्या अणुऊर्जा कायद्यातल्या अधिकारांखाली. पण संसदेनं वेगळा कायदा करून तिला उभं केलं नव्हतं. ती उत्तरदायी कुणाला होती? अणुऊर्जा आयोगाला. या आयोगाचे अध्यक्ष कोण? अणुऊर्जा विभागाचे सचिव. म्हणजे ज्या विभागाला भट्ट्या बांधून वीज वाढवायची आहे, त्याच विभागाच्या प्रमुखाकडे भट्ट्या तपासणाऱ्याचा अहवाल जायचा. ऊस घालणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. काटा कारखान्याचा, काट्यावरचा माणूस कारखान्याचा आणि काटा तपासणाराही कारखान्याच्याच पगारावरचा असेल, तर काटामारी होवो न होवो, शेतकऱ्याचा त्या वजनावर विश्वास बसत नाही. म्हणून तर काटा तपासायला वैधमापन खात्याचा निरीक्षक लागतो.

एईआरबीतल्या माणसांच्या सचोटीवर बोट ठेवण्याचा माझा हेतू नाही. तिथे तळमळीनं काम करणारी, भट्ट्या चालवणाऱ्यांना खडसावणारी माणसं आहेत. पण माणसं चांगली आहेत म्हणून रचना चालते, असं म्हणणं धोक्याचं. उद्या माणसं बदलतात, रचना तीच राहते.

जपाननं याची किंमत मोजली. ११ मार्च २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेवेळी तिथली अणुसुरक्षा संस्था अर्थ, व्यापार आणि उद्योग मंत्रालयाच्या पोटात होती, आणि अणुविजेचा पुरस्कार करणारं मंत्रालयही तेच. सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांनी ती मोडून नवं नियमन प्राधिकरण केलं आणि ते पर्यावरण मंत्रालयाच्या कक्षेत नेलं. अमेरिकेनं हा धडा आधीच घेतला होता. तिथल्या अणुऊर्जा आयोगाकडे प्रसार आणि तपासणी ही दोन्ही कामं होती. १९७४ च्या कायद्यानं त्याचे तुकडे केले आणि १९७५ पासून नियामक आयोग स्वतंत्रपणे काम करू लागला. आंतरराष्ट्रीय अणुसुरक्षा करारातही ही दोन कामं वेगळी ठेवायचं कलम आहे. भारतानं त्या कराराला २००५ मध्ये मान्यता दिली.

आपल्याकडे काय घडलं? सप्टेंबर २०११ मध्ये स्वतंत्र नियामक प्राधिकरणाचं विधेयक लोकसभेत आलं. ते २०१४ पर्यंत पडून राहिलं आणि लोकसभा बरखास्त झाल्यावर रद्द झालं. मधल्या काळात, ऑगस्ट २०१२ मध्ये, महालेखापरीक्षकांचा म्हणजे कॅगचा अहवाल आला. एईआरबीला स्वतः नियम करायचा अधिकार नाही, आणि नियम मोडणाऱ्याला होणारा दंड इतका किरकोळ आहे की कुणाला धाकच बसणार नाही, असं त्यात नोंदवलं होतं. नियमभंगाला १९६२ च्या कायद्यात दंड होता जास्तीत जास्त ५०० रुपये. त्याच अहवालातला एक आकडा मला अजून टोचतो: देशातल्या सुमारे ५७ हजार वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी ९१ टक्के केंद्रं एईआरबीकडे नोंदलेलीच नव्हती. तेव्हापासून ऑनलाइन परवान्यामुळे नोंदणी पुष्कळ वाढली, हे मान्य करायला हवं. पण अणुसुरक्षेची चर्चा कायम भट्टीभोवती फिरत राहिली आणि प्रत्यक्षात ढिलाई होती ती तालुक्याच्या गावातल्या एक्स-रे खोलीत. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तज्ज्ञांनी इथे येऊन पाहणी केली. नियामकाचं स्वातंत्र्य कायद्यात लिहा, असं तेही सांगून गेले.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं ‘शांती’ या नावाचा नवा अणुऊर्जा कायदा मंजूर केला. १९६२ चा कायदा आणि अपघातातल्या भरपाईचा २०१० चा कायदा, या दोन्हींची जागा तो घेतो. त्यानं खासगी कंपन्यांना अणुवीज क्षेत्राचं दार उघडलं आणि एईआरबीला कायद्यानं स्थापित संस्थेचा दर्जा दिला. दुसऱ्या गोष्टीचं मी मनापासून स्वागत करतो. ती चाळीस वर्षं उशिरा आली. पण पहिल्या गोष्टीमुळे दुसरीवरचा भार फार वाढतो. आजवर भट्टी सरकारी कंपनीची होती. उद्या नफा बघणाऱ्या कंपनीची असेल, आणि भट्टी एक दिवस बंद ठेवण्याचा अर्थ तिच्यासाठी कोट्यवधींचं नुकसान असेल. तेव्हा ‘थांबा’ म्हणणाऱ्याला मागे कणखर आधार लागेल.

म्हणून या कायद्याखाली जे नियम होतील, ते वाचताना काही गोष्टी मी शोधणार आहे, आणि तुम्हीही शोधाव्यात. मंडळाच्या अध्यक्षांची निवड करणाऱ्या समितीत अणुऊर्जा विभागाचा शब्द किती चालतो? अध्यक्षांना मुदतीआधी काढता येतं का, आणि ते कुणाला? मंडळाचा पैसा कोणाच्या अंदाजपत्रकातून येतो? भट्टी बंद ठेवण्याच्या आदेशाविरुद्ध कंपनीला अपील कुठे करता येतं, आणि तोवर भट्टी बंद राहते की चालू? तपासणी अहवाल लोकांसमोर येतात का? आणि मिरज, कराड, वाई, ईश्वरपूरच्या (पूर्वीच्या इस्लामपूरच्या) एक्स-रे केंद्रांची तपासणी करायला मुंबईहून किती निरीक्षक येणार? सांगली आणि सातारा या दोन्ही मतदारसंघांतून लोकसभेत एकेक खासदार जातो. हे प्रश्न त्यांनी सभागृहात विचारले, तर अणुऊर्जा विभागाच्या मंत्र्यांना त्यांची उत्तरं द्यावी लागतील, आणि ती उत्तरं कामकाजात छापली जातील.